दाखवायचे दाणे, खायचे दाणे

"हलला! बघा, बघा, हलला!"

पुढच्या रांगेतली बाई ओरडली आणि अख्खा हॉल गुडघ्यांवर उठला. मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हनुवट्या ठेवल्या. जिन्यात उभे असलेले दारातून आत घुसायला लागले आणि दारातले त्यांना कोपरांनी बाहेर ढकलायला लागले.

मधोमध एका चौरंगावर काळ्या मखमलीची उशी होती आणि उशीवर मांजराचं पांढरं पिल्लू बसलं होतं. पोट टम्म, पाय काड्यांसारखे. त्याच्या शेपटीखालून नुकताच एक दाणा उशीवर उतरला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, तसाच पांढरट. फरक एवढाच, की तांदूळ पडला की पडून राहतो. हा दाणा आखडत होता, लांबत होता, पुन्हा आखडत होता आणि असं करत करत मखमलीवरून चक्क चालत निघाला होता.

चौरंगामागे खुर्चीत दाणेबाबा बसले होते. राखाडी झगा, तेल लावून मागे वळवलेले केस, आणि बाळाला झोपवताना काढतात तसला आवाज.

"धान्य मातीत उगवतं," बाबा म्हणाले. "हे अंगात उगवलं आहे. मातीतला दाणा मेलेला असतो. मेलेलं खाऊन माणूस मरतो. हा दाणा जिवंत आहे. जिवंत खाल, तर जिवंत राहाल!"

यावर कुणीतरी हसायला हवं होतं. मातीतलंच धान्य खाऊन बाबांची ढेरी झग्यात मावत नव्हती. पण कुणी हसलं नाही. शेजारचे एक गृहस्थ पुटपुटले, "केवढं मोठं बोलले!"

मी मागच्या भिंतीला टेकून, डोक्यावरून ओढणी घेऊन उभी होते. मी जनावरांची डॉक्टर आहे. तो दाणा काय आहे हे मला दारातूनच कळलं होतं. आमच्याकडे नवं पिल्लू आणणाऱ्यांपैकी कितीतरी जण हीच तक्रार घेऊन येतात, "डॉक्टर, याच्या अंथरुणात तांदूळ सापडतात हो!" तेव्हा तिथल्या तिथे ओरडून सांगणं मला सहज शक्य होतं. मी ओरडले नाही. कारण मला नुसता दाणा उघडा पाडायचा नव्हता. मला बाबा हवा होता.

माझ्या शेजारी वहिनी उभी होती. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझी बोटं बधिर झाली होती.

"तोच," ती ओठ न हलवता म्हणाली. "दाढी काढलीय. आवाज तोच."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती शिवणकाम करते. ही मखमलीची उशी तिनंच शिवली होती. ज्यांच्या घरात हा दरबार भरत होता ते फरशांचे व्यापारी, तिचं जुनं गिऱ्हाईक. उशी द्यायला म्हणून ती त्यांच्याकडे गेली आणि आतल्या खोलीतून आलेला आवाज तिनं तिथल्या तिथे ओळखला. तशीच ती माझ्या दवाखान्यात आली. एका कुत्र्याला टाके घालत होते मी. ती म्हणाली, "तो परत आलाय." तो म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

दादाला लहानपणापासून मधुमेह होता. रोज इन्सुलिन घ्यायचा आणि त्यावर विनोद करायचा. पण माणूस कधीतरी कंटाळतो. त्याच सुमारास गावात एक पाणीवाले बाबा आले होते. त्यांनी दादाच्या सुया स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि मंतरलेलं पाणी दिलं. मी तेव्हा परगावी शिकत होते. दादाला उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला, तोंडाला गोडसर वास यायला लागला. बाबा म्हणाले, "अंगातलं विष निघतंय, निघू द्या." वहिनीनं शेजाऱ्यांच्या मदतीनं त्याला उचलून इस्पितळात नेलं, तोवर फार उशीर झाला होता. दादा गेला आणि त्याच दिवशी बाबाही गेले. दादा स्मशानात आणि बाबा दुसऱ्या गावाला. पोलीस म्हणाले, माणूसच हाती नाही तर पकडायचं कुणाला?

आणि आता तो माणूस माझ्यासमोर मांजराच्या शेपटीखाली चिमटा धरून बसला होता.

हो, चिमटा. ते मी नीट पाहून ठेवलं. दाणा मखमलीवर चालू लागला की बाबा तो चांदीच्या चिमट्यानं उचलायचे, डबीत टाकायचे आणि डबी पडद्यामागे न्यायचे. तिथून थोड्या वेळानं कागदाच्या पुड्या यायच्या. मीही रांगेत उभी राहून एक घेतली. पुडीतले दाणे मात्र स्वस्थ होते. कुणीतरी शंका काढलीच, "बाबा, हे हलत नाहीत."

"पुडीत दाणा झोपतो," बाबा म्हणाले, "पोटात जागा होतो."

दवाखान्यात येऊन मी पुडी भिंगाखाली धरली. साधी तांदळाची कणी! किराणा दुकानात पोत्यानं मिळते ती. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला हसू फुटलं.

"हसतेस काय?" वहिनी चिडली.

"अगं, दाखवायचे दाणे वेगळे आणि खायचे वेगळे! उशीवरचे दाणे खरेच जिवंत आहेत. ते जंत आहेत, मांजराच्या पोटातल्या फितीसारख्या लांब जंताचे तुटून पडलेले तुकडे. आणि हे ठाऊक आहे म्हणूनच तो ते कुणाला खायला देत नाही. मूर्ख असता तर तेच वाटले असते. हा मूर्ख नाही, वहिनी. याला सगळं माहीत आहे."

वहिनीनं एक कणी बोटावर टिपली. "म्हणजे त्याला तेव्हाही माहीत होतं," ती म्हणाली.

"तेव्हाही."

"मग नुसतं पकडून द्यायचं नाही. लोकांसमोर. त्याच्याच खुर्चीत."

तिचा आवाज थंड होता. इतक्या वर्षांत मी तिला मोठ्यानं रडताना पाहिलं नव्हतं. तो राग तिनं शिवणाच्या टाचण्यांसारखा ओठांत धरून ठेवला असावा.

दरबारातून निघताना मी व्यापाऱ्यांच्या बायकोच्या हातात माझं कार्ड ठेवलं होतं आणि एवढंच म्हटलं होतं, "पिल्लाचं पोट बरं दिसत नाही. एकदा दाखवून जा." तिनं घाईघाईनं ते पदराआड लपवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडतेय तोच ती बाजारहाटाची पिशवी घेऊन दारात उभी. पिशवीतून बारीकसा 'म्यँव' आला.

"यांना सांगू नका हं," ती म्हणाली. "भाजी आणायला जाते म्हणून आलेय. पहाटे यानं उलटी केली. त्यात नूडल्ससारखं काहीतरी होतं. आणि ते… ते वळवळत होतं हो."

पिल्लू टेबलावर घेतलं. हाताला पाठीचा मणका न् मणका लागत होता, पोट मात्र ढोलासारखं. केस राठ आणि निस्तेज. हिरड्या गुलाबी हव्यात, त्या फिकट पांढुरक्या. शेपटीखाली दोन वाळलेले दाणे चिकटलेले आणि एक ताजा, हलणारा. मग मी त्याच्या मानेवरचे केस बाजूला करून काळे कण ओल्या कापसावर टिपले. कापूस लालसर झाला.

"रक्त?" ती दचकली.

"पिसवांची घाण. त्या याचं रक्त पितात आणि तेच बाहेर टाकतात. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं. पिसवेच्या पोटात या फितीच्या जंताचं पिल्लू असतं, ते आत जाऊन वाढतं. तुकडे तुटून मागून बाहेर पडतात. तेच तुमचे दाणे. आणि उलटीत पडला तो दुसरा, गोल जंत. तो बहुतेक आईच्या दुधातूनच आलेला असतो. पोट फुगलंय ते त्यानं."

"बाबा म्हणतात, पोटात धान्याचं कोठार आहे."

"कोठार आहे खरं. फक्त धान्याचं नाही."

ती हसली नाही. पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "मग छकुलीला जे देतोय ते?"

छकुली म्हणजे तिची मुलगी. काल मी तिला पाहिलं होतं. कपाळावर पट्टी होती. आता कळलं, तिला फिट्स येतात. गोळ्यांनी त्या बंद झाल्या होत्या. बाबांनी गोळ्या थांबवल्या आणि दाणा सुरू केला. परवा ती न्हाणीघरात पडली.

पुन्हा तेच. रोगी नवा, औषध नवं, कचऱ्याचा डबा तोच.

"ती नुसती तांदळाची कणी. छकुलीच्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता फोन लावा," मी म्हटलं. "इथूनच. जे झालं ते सगळं सांगा. गोळ्या कशा सुरू करायच्या ते तेच सांगतील, मी नाही. मी मांजराची डॉक्टर."

तिनं फोन लावला. पलीकडचे डॉक्टर तिच्यावर इतके ओरडले की मलाही ऐकू गेलं. पण मग त्यांनी काय करायचं ते नीट समजावून सांगितलं. ती घरी धावत गेली, मुलीला गोळी दिली, तिला आजोळी ठेवलं आणि पिल्लासाठी परत आली. रडून डोळे सुजले होते.

तोवर मी पिल्लाचं वजन केलं होतं. औषध वजनावर ठरतं. कुत्र्याचं किंवा माणसाचं औषध अंदाजपंचे देऊन कित्येक पिल्लं मेलेली मी पाहिली आहेत. गोल जंतांचं आणि फितीच्या जंताचं, दोन्ही औषधं दिली. बारीक दातांच्या फणीनं पिसवा काढल्या. तो ताजा दाणा मात्र मी ओल्या कापसात गुंडाळून बाटलीत ठेवला.

"आता याच्या पोटातले गोल जंत सुटतील," मी म्हटलं. "कदाचित आज संध्याकाळीच. तेव्हा हा कुठे असेल?"

छकुलीची आई पिल्लाला पिशवीत ठेवू लागली. मग म्हणाली, "जिथे रोज असतो तिथे. उशीवर."

त्या संध्याकाळी हॉल कालच्यापेक्षा गच्च होता. वहिनी आणि मी आज पहिल्या रांगेत बसलो. बाबांनी रोजच्यासारखी सुरुवात केली. मातीतलं धान्य मेलेलं, अंगातलं जिवंत, वगैरे. लोक माना डोलवत होते. पिल्लू उशीवर गोल गोल फिरलं, बसलं, पुन्हा उठलं. दाणा काही पडेना. फितीच्या जंताचा निकाल तर सकाळीच लागला होता. मग पिल्लानं पाठीची कमान केली आणि कुंथायला सुरुवात केली.

बाबांनी दोन्ही हात वर केले. "शांत राहा! आज दाणा मोठा आहे!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढच्याच क्षणी काळ्या मखमलीवर जंतांचा पुंजका पडला. पिवळट पांढरे, बोटाएवढे लांब, एकमेकांत गुंतलेले. त्यातला एक अजून वळवळत होता.

पहिल्या रांगेतली बाई किंचाळून मागे पडली. कुणीतरी तोंडावर हात दाबून जिन्याकडे धावलं. मला वाटलं, संपला खेळ. पण माणूस मुरलेला होता. पापणीही न लववता म्हणाला, "मुळं!"

लोक परत उशीकडे वाकले.

"दाण्याची मुळं आहेत ही! धान्य म्हटलं की मुळं असणारच. आज कोठार मुळासकट मोकळं झालं. भाग्यवान आहात!"

आणि खोटं कशाला सांगू, अर्ध्या हॉलनं मान डोलवली! "मुळं, मुळं" अशी कुजबुज मागेपर्यंत गेली. पळालेले गृहस्थ जिन्यातून परत आले.

मी उठले. पिल्लाला उचलून त्याच्या मालकिणीच्या मांडीवर दिलं, हातमोजे चढवले आणि पुंजक्यातला एक जंत उचलून दिव्याखाली धरला.

"मी जनावरांची डॉक्टर. बाबा, मुळाला तोंड असतं का हो? याला आहे. या, जवळ येऊन बघा कुणीही. हे जंत आहेत. सकाळी याला जंताचं औषध दिलं, म्हणून पडले. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांच्या घरी कधी ना कधी असेच पडतील."

"नास्तिक बाई आहे," बाबा मायेनं म्हणाले. "क्षमा करा तिला."

"करा की. पण आधी एक करा." मी बाटली उघडली, कापूस उलगडला आणि तो दाणा उशीवर ठेवला. दिव्याच्या उबेनं तो किंचित आखडला, लांबला. "हा तुमचा जिवंत दाणा. सगळ्यांनी ओळखला ना? बाबा, हा खा."

"मी… दाणा रोग्यांसाठी असतो, बाई."

"काल तुम्हीच म्हणालात, जिवंत खाल तर जिवंत राहाल. तुम्हाला जिवंत राहायचं नाही?"

मागून एक म्हातारे म्हणाले, "खा की बाबा. आम्ही खातो, तुम्ही खा." साध्या मनानं म्हणाले बिचारे. पण ते ऐकून आणखी दोघं म्हणाले, मग चौघं. मग सगळा हॉल म्हणायला लागला, "खा! खा!"

बाबांच्या कपाळावर घाम आला. "आज माझा उपास आहे."

"दुपारी माझ्या हातच्या तीन पोळ्या खाल्ल्यात," छकुलीची आई म्हणाली. तिचा आवाज हॉलभर ऐकू गेला. "आणि रोज उशीवरचे दाणे तुम्ही संडासात टाकता. मग साबण लावून कोपरापर्यंत हात धुता. मला वाटायचं, केवढी ही स्वच्छता! पुड्यांत मात्र माझ्याच डब्यातली कणी भरता. डबा का रिकामा होतो ते आता कळलं मला."

मी लोकांना म्हटलं, "पुड्या उघडा. हा उशीवरचा, हा पुडीतला. शेजारी ठेवा आणि बघा."

कागद फाटण्याचा आवाज हॉलभर झाला. मग एकेक जण कणी तळहातावर घेऊन उशीकडे बघायला लागला. बाबा तो दाणा खातील या आशेनं मी अजून त्यांच्याकडे बघत होते. खाल्ला असता तर मी अडवलं नसतं. हा जंत मधे पिसू असल्याशिवाय सहसा दुसऱ्याच्या पोटात रुजत नाही, तेव्हा त्या एका तुकड्यानं त्यांना बहुधा काही झालं नसतं. पण हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. आणि ते त्यांना सांगावंसं मला मुळीच वाटलं नाही.

तेवढ्यात वहिनी उठली आणि थेट खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली.

"मला ओळखलंत?"

"नाही, माई."

"नीट बघा. माझ्या नवऱ्याच्या इन्सुलिनच्या सुया तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकल्यात. तेव्हा दाढी होती आणि पाणी वाटायचात."

त्या चेहऱ्यावरचं सगळं तेल जणू एकदम वाळून गेलं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. बाबांनी उठायचा प्रयत्न केला, पण दारात फरशांचे व्यापारी उभे होते. एवढा वेळ ते गृहस्थ भिंतीला टेकून नुसते बायकोकडे बघत होते. आता त्यांनी दाराची कडी लावली.

"माझी पोरगी पडली," ते म्हणाले, "तेव्हा तू म्हणालास, रोग बाहेर पडतोय."

कुणीतरी खुर्ची उचलली. बाबांचा झगा खांद्यावर फाटला. मला ते हवं होतं. डोळ्यांसमोर दादाचा चेहरा होता आणि तो माणूस जिन्यावरून गडगडत खाली गेलेला मला बघायचा होता. पण वहिनी मधे पडली.

"हात लावू नका! आज माराल, उद्या हा पट्ट्या बांधून दुसऱ्या गावात संत म्हणून बसेल. याला बोलू दे. फोन काढा सगळ्यांनी." मग ती त्याच्याकडे वळली. "म्हणा. हे काय आहे?"

"माई…"

"मी तुमची माई नाही. म्हणा."

"…जंत."

"मागे ऐकू गेलं नाही."

"जंत आहेत!"

"आणि पुड्यांत?"

"तांदूळ."

"आणि माझ्या नवऱ्याला दिलं ते?"

त्यानं दाराकडे पाहिलं. वहिनी हलली नाही. शेवटी खाली मान घालून तो म्हणाला, "नळाचं पाणी होतं."

तिनं तेच दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणायला लावलं, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा म्हणताना तो रडत होता. मला त्याची अजिबात दया आली नाही, आजही येत नाही. पोलीस येईपर्यंत लोक एकेक करून त्याच्यासमोर येत होते आणि आपापली फाटकी पुडी त्याच्या मांडीवर टाकून जात होते.

खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला वहिनी शिवणाचं दुकान बंद ठेवून जाते आणि त्याला दिसेल अशा जागी बसते. छकुलीला नियमित गोळ्या सुरू झाल्यापासून फिट आलेली नाही. पिल्लाला पंधरा दिवसांनी पुन्हा औषध दिलं. आता ते सबंध घर डोक्यावर घेतं.

लोक मला अजून अडवून म्हणतात, "पण डॉक्टर, दाणा हलताना आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिला होता!" पाहिला होता, खरं आहे. डोळ्यांनी काही चूक केली नव्हती. चूक झाली ती पाहून तिथेच हात जोडण्यात. हलतो, तर का हलतो? आतून आला, तर आत कसा गेला? देणारा स्वतः का खात नाही? एवढं विचारायला शाळा शिकलेलं असावंही लागत नाही. नवं पिल्लू घरी आणलंत आणि त्याचं पोट फुगलं, अंग वाळलं, शेपटीखाली दाणे दिसले, तर कुणाच्याही पाया पडू नका. त्याला पिशवीत घाला आणि डॉक्टरकडे न्या. आणि घरातल्या आजारी माणसाचं औषध कुणी कचऱ्यात टाकायला लागलं, तर आधी त्याचा हात धरा. मोठ्यानं ओरडा. माणूस गेल्यावर घेतलेला सूड कितीही गोड लागला, तरी त्यानं गेलेलं माणूस ताटावर येऊन बसत नाही.